शेवटच्या समेनंतर

"प्रश्न विचारणारी माणसं म्हणजे रेडिओला लागलेली कीड," असं डॉ. दिगंबर अळतेकर उघडउघड म्हणत, आणि ज्यांचं पोट प्रश्न विचारण्यावर चालतं त्यांच्या तोंडावर म्हणत. शास्त्रीय संगीतावर बोलायचं तर जाणकारानं एकट्यानं बोलावं, बाकीच्यांनी कान द्यावेत. मधेच कुणी "हो का!", "म्हणजे नेमकं काय हो?" असं केलं की सरांच्या कपाळाला आठी पडे. मैफलीत तबलजी कधी गवयाला विचारतो का, बुवा, आता पुढची तान कुठली?

आता गंमत बघा. सरांचा सगळ्यात गाजलेला कार्यक्रम होता तो संवादाचाच. कोल्हापूरच्या स्वरवाहिनी केंद्रावरून दर रविवारी सकाळी निवेदिका प्रमिला नेर्लेकर प्रश्न विचारायच्या आणि सर उत्तरं द्यायचे. लोकांना वाटायचं, काय छान गप्पा मारतात दोघं! गप्पा कसल्या डोंबलाच्या! प्रश्नसुद्धा सरच लिहून आणत. "अय्या, म्हणजे मारवा आणि पुरिया हे वेगळे राग आहेत होय?" असं प्रमिलाबाईंनी विचारायचं, आणि पुढे कंसात 'आश्चर्यानं' असं सरांच्याच अक्षरात लिहिलेलं. प्रमिलाबाई स्वतः रीतसर गाणं शिकलेल्या होत्या. पण नोकरी निवेदिकेची, तेव्हा आश्चर्य वाटून घेणं हा कामाचाच भाग.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सर ऐंशीकडे झुकले, प्रमिलाबाई निवृत्त होऊन गडहिंग्लजला गेल्या, रस्त्यावरच्या निम्म्या गाड्या चालकाशिवाय धावायला लागल्या. आणि राज्यातल्या सगळ्या शाळांसाठी 'नादकोश' तयार व्हायला लागला. इथून पुढे कुठल्याही गावातल्या मुलाला गाणं म्हणजे काय ते या कोशातून ऐकायला मिळणार होतं. एकदा त्यात गेलेलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. स्त्रियांच्या गायकीवरचं प्रकरण अळतेकर सरांचं, यावर मात्र कुणाचं दुमत नव्हतं.

"पण सर, एकट्याचं भाषण नको," रुबिना मुजावर म्हणाली. कोशाचं कोल्हापूरचं काम तिच्याकडे होतं. ध्वनिशास्त्र शिकलेली, हुशार, आणि कुणाला न भिता बोलणारी बाई. "दोन्ही प्रकार आम्ही पोरांना ऐकवून बघितले. एकटा माणूस बोलायला लागला की पोरं खिडकीतनं बाहेर बघत्यात. तेच दोघं बोलत असली की कान टवकारतात. दुसऱ्यांचं बोलणं चोरून ऐकायला कुणाला आवडत नाही, सांगा की?"

"मग त्यांना शेजाऱ्यांची भांडणं ऐकवा," सर म्हणाले.

रुबिना हसली, पण हटली नाही. तिनं जुन्या ध्वनिमुद्रणांवरून प्रमिलाबाईंच्या आवाजाची स्वरप्रतिमा तयार केली होती. प्रमिलाबाईंनी राजीखुशीनं परवानगी दिली होती. ही प्रतिमा प्रमिलाबाईंसारखी नुसती बोलायची नाही, तर त्यांच्यासारखी ऐकायची आणि विचारायचीही.

"ठीक आहे. प्रश्न मी लिहून देतो," सर म्हणाले.

"ती लिहून दिलेलं वाचत नाही, सर."

"मग काय विचारणार? यंत्र ते यंत्र," असं म्हणून सर निर्धास्तपणे आपली रेकॉर्ड घ्यायला घरी गेले.

ती रेकॉर्ड म्हणजे सरांचं सर्वस्व होतं. लाखेची जुनी तबकडी, अंबूबाई वाळवेकर नावाच्या गायिकेची. बाईंची मागे राहिलेली एकमेव रेकॉर्ड, आणि तिचीही जगात शिल्लक असलेली ही एकमेव प्रत. भीमपलास रागातली चीज, आणि आवाज असा भारदस्त, खोल, ठाय लयीत पाय रोवून चाललेला, की ऐकणारा दबकून बसावा. सरांनी त्यावर 'अंबूबाईंचा खर्ज' हा ग्रंथ लिहिला. सिद्धांत असा, की जुन्या काळी थोर गायिका खालच्या पट्टीत, पांढरी चारमध्ये गात. पुढे नाटकांनी आणि सिनेमानं बायकांचे आवाज वर चढवले, गाणं उथळ झालं. खरं गाणं हवं असेल तर बायकांनी आवाज पुन्हा खाली आणावा.

हा सिद्धांत सरांनी नुसता लिहिला नाही, घरातच लावून पाहिला. त्यांची एकुलती एक मुलगी वैजयंती. पोरीचा गळा निसर्गानं काळी पाचचा, उंच पट्टीचा दिला होता, घंटेसारखा. सरांनी तिला कॉलेजात असल्यापासून पांढरी चारवर उतरवली. आवाज दाबून, खाली ओढून ती वर्षानुवर्षं रियाज करत राहिली. एक दिवस घशात गाठी झाल्या. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं ते कायमचंच. आता ती शाळेत गणित शिकवत होती, आणि तिचा बोलतानाचा आवाजही सर्दी झाल्यासारखा घोगरा यायचा. लोकांनी विचारलं की सर सांगत, "वैजूचा रियाज कमी पडला."

ध्वनिमुद्रण सुरू झालं. सर माइकसमोर, रुबिना काचेपलीकडे, आणि सरांच्या हेडफोनमध्ये प्रमिलाबाई. तोच मऊ आवाज, वाक्याच्या शेवटी किंचित हसण्याची तीच लकब. क्षणभर सरांच्या अंगावर काटा आला. पण प्रश्न साधेच होते, सर रंगात आले आणि रेकॉर्ड लागली. तिसऱ्या आवर्तनात तानेच्या ऐन मध्यावर एक ओरखडा होता, तिथं टक्क असा आवाज येई. सरांच्या श्रोत्यांना तो टक्कसुद्धा पाठ होता. शेवटची सम आली आणि सरांनी नेहमीप्रमाणे हेडफोन काढून बोलायला तोंड उघडलं.

ही त्यांची जुनी शिस्त. गाणं समेवर संपलं की संपलं. त्या काळच्या गायिका रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव ओरडून सांगत, तो प्रकार सरांना अगदी बाजारी वाटे. घरी ते शेवटच्या समेला सुई उचलत, स्टुडिओत हेडफोन काढून थेट विवेचनाला लागत, आणि प्रसारणातला रेकॉर्डचा आवाज तिथंच बंद होई. "रसभंग ऐकायला बसू नये," असं ते विद्यार्थ्यांनाही बजावत.

पण आज समोरच्या लहान स्पीकरमधून प्रमिलाबाई म्हणाल्या, "सर, गाणं संपल्यावर बाई पुढे काहीतरी बोलतात ना? ते आपण कधीच ऐकवत नाही. आज ऐकू या का?"

सर कडाडले, "हा प्रश्न कुणी घातला हिच्या तोंडात?"

रुबिना आत आली. "कुणी नाही, सर. त्यांचाच आहे. बसा, सांगते."

आणि तिनं सांगितलं ते असं. बोलण्याआधी माणूस श्वास घेतो, तो बोलण्याच्या मापानं घेतो. लांब वाक्य मनात असेल तर छाती जास्त भरते, छोटं असेल तर कमी. पहिला सूर उंच लागणार असेल तर गळ्यातल्या तारा आधीच ताणल्या जातात, ओठ पहिल्या अक्षराच्या बेतात येतात. हे सगळं त्या श्वासाच्या आवाजात उमटतं. ज्यांची वाचा गेलीय अशा रुग्णांसाठी हे शास्त्र निघालं. त्यांच्या नुसत्या श्वासावरून यंत्र ओळखतं, की यांना काही विचारायचंय का सांगायचंय, थोडं का बरंच. मनातलं वाचत नाही हं ते. नुसता साचा ओळखतं, आणि मागचंपुढचं बोलणं बघून त्यात काय बसेल याचा अंदाज बांधतं.

"आता प्रमिलाबाईंचं बघा," रुबिना म्हणाली. "प्रसारणात त्यांचे श्वास पुसलेले असायचे, पण त्यांच्या माइकचं कच्चं मुद्रण आपल्याकडे आहे. त्यात कितीतरी ठिकाणी त्या बोलायला श्वास घेतात, आणि तुम्ही बोलायला लागता. मग तो श्वास तसाच सोडून देतात. गिळलेले प्रश्न म्हणतो आम्ही त्याला. ही रेकॉर्ड जेव्हा जेव्हा वाजलीय ना सर, तेव्हा तेव्हा शेवटच्या समेनंतर तोच श्वास आहे. आणि त्यांच्या हेडफोनमधनं बारीकसं काहीतरी माइकमध्ये झिरपलंय. कुणीतरी बोलल्यासारखं. त्यावरून यंत्रानं प्रश्न जुळवला."

"तुझं यंत्र बावळट आहे," सर म्हणाले, रेकॉर्ड काखेत मारली आणि निघून गेले.

बावळट म्हणाले खरे, पण गाडीत बसल्यावर त्यांना चैन पडेना. बाई बोलतात तरी काय? आपण एवढा ग्रंथ लिहिला, आणि तबकडीच्या कडेपर्यंत एकदाही गेलो नाही?

वैजू शाळेत होती. सरांनी कपाटातून चावीचा ग्रामोफोन काढला, रेकॉर्ड लावली, आणि जन्मात पहिल्यांदा शेवटच्या समेला हात मागे घेतला. खरखर झाली. मग आवाज आला.

"मी... अंबूबाई... वाळवेकर... कोल्हापूर..."

सर दचकून मागे बघू लागले, खोलीत कुणी पुरुष आलाय की काय म्हणून. रेंगाळलेला, जाडाभरडा, अर्धवट झोपेत बोलणाऱ्या बाप्याचा आवाज होता तो. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग त्यांच्या ध्यानात आलं.

गाणं माणूस कुठल्याही पट्टीत गाऊ शकतो. पण स्वतःचं नाव सांगायला कुणी पट्टी लावत नाही. तिथं माणूस माणसासारखंच बोलतो. त्या काळी रेकॉर्ड भरताना वेगाचा काही धरबंध नसे. कुठे तबकडी जोरात फिरवून भरत, कुठे हळू. जोरात भरलेली तबकडी नेहमीच्या वेगानं वाजवली की आवाज खाली उतरणार, लय रेंगाळणार, बाईचा बुवा होणार. हे सरांना ठाऊक नव्हतं थोडंच? दुसऱ्यांच्या अशा चुका तर त्यांनी छापून काढल्या होत्या.

त्यांनी ग्रामोफोनचा वेगाचा काटा पुढे सरकवला. मिनिटाला नेहमीच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांवरून थोडा, आणखी थोडा, नव्वदीच्याही पुढे. रेंगाळणारा बाप्या हळूहळू बाई झाला. "मी अंबूबाई वाळवेकर, कोल्हापूर!" ठसक्यात, धाप लागलेली, हसू दाबत म्हटलेलं. पोरगी होती हो ती! विशी-बाविशीची पोर! त्यांनी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली. भीमपलास काळी चारमध्ये उसळून आला. तो भारदस्तपणा, तो खर्ज, ती ठाय लय, सगळं गायब. तान अशी खिदळत आली, मधल्या त्या टक्कवरून उडी मारून समेवर पोचली, की इतर कुणाची असती तर सरांनी मान डोलावली असती. आता मात्र त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा मोठा ग्रंथ, त्याच्या आवृत्त्या, सत्कार, शाली. आणि खर्ज कुणाचा, तर ग्रामोफोनच्या चावीचा.

आणि मग त्यांना वैजूचा गळा आठवला.

जिन्यावर पावलं वाजली तसं सरांनी घाईघाईनं सुई उचलली. चोरासारखी.

"बाबा, कोण गात होतं हो?" वैजू पर्स खुंटीला अडकवत म्हणाली. "जिन्यात ऐकू आलं. आपली अंबूबाईंची चीज ना ती? काळी चार असेल. किती गोड गळा आहे!"

इथं बोलायची वेळ होती. वैजू समोर उभी होती, चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी गाण्याचा आनंद होता. सरांनी श्वास घेतला, आणि म्हणाले, "आहे कुणीतरी नवीन मुलगी. उथळ गाते."

"मला आवडली," वैजू म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

सरांना स्वतःची अशी किळस कधी आली नव्हती. पण लाजेचं एक विचित्र असतं. ती माणसाला सरळ करील असं आपण म्हणतो, आणि पुष्कळदा ती त्याला आणखी वाकडं करते. वैजू चहा घेऊन येईपर्यंत सरांनी रुबिनाला फोन लावला होता. मला संवाद नको, एकल व्याख्यानच घ्या. एकटा बोलणारा माणूस बरा, त्याला कुणी विचारत नाही.

"मला अधिकार नाही सर तो," रुबिना म्हणाली. "कोशाचा नियमच आहे. प्रमिलाबाईंनी स्वतः आवाज परत मागितला, तरच संवाद रद्द होतो."

दुसऱ्या दिवशी सर गडहिंग्लजला गेले.

प्रमिलाबाई अंगणात मिरच्या वाळत घालत होत्या. सरांना पाहून त्यांनी पदराला हात पुसले. "या, या सर! ताक आणते. मिठाचं, साखर नाही, आठवतंय मला."

सरांनी ताक घेतलं, घसा खाकरला आणि गाडीत पाठ केलेलं बोलायला लागले. तुमचा आवाज यंत्रात घालून कुणीही काहीही वदवणार, त्यात तुमचा मान राहत नाही, मला ते पाहवत नाही, वगैरे.

"माझा मान?" प्रमिलाबाई हसल्या. "अहो, मला मजा वाटली होती. म्हटलं, माझा आवाज एकदा तरी माझे प्रश्न विचारील."

सर ताकाच्या भांड्यात बघत राहिले. मग न राहवून त्यांनी विचारलं, "त्या रेकॉर्डच्या शेवटी तुम्ही श्वास घ्यायचात म्हणे. तुम्हाला कळलं होतं का काही? वेगाबिगाचं?"

"कसला वेग?" प्रमिलाबाईंना खरंच समजलं नाही. "मला एवढंच वाटायचं, बाईनं किती हौसेनं नाव सांगितलंय. हेडफोनमध्ये नीट लागायचंसुद्धा नाही, नुसतं घूं घूं. पण नाव सांगतेय एवढं कळायचं. आणि आपण दर वेळी तिच्या तोंडावर हात ठेवतो. म्हटलं, सरांना विचारावं, एकदा ऐकवू या का? पण तुमचं बोलणं सुरू झालेलं असायचं."

एवढंच. कुठलं पांडित्य नव्हतं, कुठली चूक पकडणं नव्हतं. साधी माणुसकीची गोष्ट होती, आणि ती सरांनी तेव्हाच, वैजू गात होती त्या दिवसांत, ऐकून घेतली असती तर वैजूचा गळा वाचला असता. सरांना तिथं बसवेना. उठवेनाही.

"तर आवाज परत मागू म्हणता?" प्रमिलाबाईंनी फोन हातात घेतला. "मागते की. तुम्ही लिहून दिलेलं मी वाचलं नाही असं कधी झालंय का?" नंबर लावता लावता त्या थांबल्या. डोळ्यांत हसू होतं, पण आवाज अगदी साधा होता. "साधंच सांगू, का आश्चर्यानं?"

सरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी ते "नको, राहू दे" म्हणाले नाहीत. प्रमिलाबाईंनी फोन केला, रुबिनानं दोनदा विचारून खात्री केली, आणि काम झालं.

एकल व्याख्यानाच्या दिवशी वैजूला सुट्टी होती. "मी येते सोबत. बाबा कोशात जाणार, आम्हाला बघू तरी द्या," म्हणून ती हट्टानं आली आणि काचेपलीकडे रुबिनाशेजारी बसली.

लाल दिवा लागला. सर बोलले, आणि काय बोलले! शब्द कसे रांगेत येऊन उभे राहत होते. स्त्रीच्या आवाजातलं गांभीर्य, खर्जाची तपश्चर्या, उतरत्या काळाची उथळ चव. त्यातला एकेक शब्द खोटा आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण जिभेला सवय होती, ती चालत राहिली. त्यांनी स्वतः रेकॉर्ड लावली, नेहमीच्या चुकीच्या वेगात. टक्क वाजलं. शेवटची सम आली, सुई उचलली गेली, आणि सर पुढे म्हणाले, "तेव्हा मुलींनो, आपला आवाज खाली आणा. जमिनीत मुळं रुजवा." व्याख्यान संपलं. कुणी काही विचारलं नाही.

काचेपलीकडे रुबिना पडद्याकडे बघत होती. तिनं बटण दाबलं. "सर, छान झालं. फक्त एक जागा आहे. श्वास पुसताना यंत्र तिथं अडलंय."

"कुठली जागा?"

"सुई उचलल्यावर. तुम्ही तिथं एक श्वास घेतलाय तो पुढच्या वाक्याचा नाही. काहीतरी बोलणार होता आणि थांबलात. प्रश्न नाही तो. छोटंसं वाक्य दिसतंय, ओठ मिटून सुरू होणारं. पुढचं यंत्राला सांगता येत नाही. काही राहिलं होतं का सांगायचं?"

"काही नाही. पुसून टाक."

रुबिनाचा हात बटणाकडे गेला, पण वैजूनं तो धरला. ती मघापासून कुठेतरी हरवल्यासारखी बसली होती. तिनं स्वतः माइक पुढे ओढला.

"बाबा," स्पीकरमधून तिचा घोगरा आवाज आला. "त्या दिवशी जिन्यात मी ऐकलं, त्यातही तानेच्या मधे टक्क होतं. याच जागी. नवीन मुलीच्या गाण्यात जुना ओरखडा कसा आला?"

सरांनी श्वास घेतला.

"बोला. मी थांबलेय," वैजू म्हणाली.

"माझं चुकलं," सर म्हणाले. "तीच रेकॉर्ड आहे. मी आयुष्यभर ती चुकीच्या वेगात ऐकली. अंबूबाई काळी चारमध्ये गात होत्या. खर्ज नव्हताच, वैजू. कधीच नव्हता."

वैजूनं विचारलं, "तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच दिवशी. तू जिन्यात होतीस तेव्हा."

"म्हणजे हे माहीत असूनही आज इथं बसून तुम्ही पोरींना सांगितलंत, आवाज खाली आणा म्हणून?"

"लाज वाटली गं. तोंड दाखवायची लाज वाटली, म्हणून बोलत सुटलो."

रुबिना हळूच ध्वनिमुद्रण बंद करायला वळली. "नको, चालू राहू दे," वैजू म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "बाबा, मी गाणं सोडलं तेव्हा तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, वैजूचा रियाज कमी पडला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलंत. मीही तेच खरं धरून बसले. खरं होतं का ते?"

"त्याचं असं आहे वैजू, आवाजाची जडणघडण ही मुळात..."

"बाबा. खरं होतं का?"

"नाही," सर म्हणाले.

त्यांच्या आयुष्यातलं ते सगळ्यात लहान उत्तर असेल. ते देऊन झाल्यावर त्यांना काचेकडे बघवेना. म्हातारा माणूस मान खाली घालून टेबलावरच्या तबकडीकडे बघत राहिला.

"ती परत लावा," वैजू म्हणाली. "बरोबर वेगानं. आणि सुई उचलू नका."

सरांनी वेगाचा काटा पुढे सरकवला आणि सुई ठेवली. अंबूबाई वाळवेकर काळी चारमध्ये गायल्या. पोरीसारख्या हसत, पळत, टक्कवरून उडी मारून समेवर. शेवटची सम आली तसा सरांचा हात सवयीनं उठला, आणि त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"मी अंबूबाई वाळवेकर, कोल्हापूर!"

तबकडी खरखरत राहिली. काचेपलीकडे वैजूनं श्वास घेतला. तो मोठा होता, विचारायचं पुष्कळ साठलं होतं. सर गप्प बसले आणि तिच्या बोलण्याची वाट बघू लागले.